उदगीरच्या वाचकाचा प्रश्न : ४५ हजारांत कोणता सीडी प्लेअर घ्यावा?

उदगीरहून एका निवृत्त शिक्षकांचे सविस्तर पत्र आले आहे. नाव छापू नये, अशी त्यांची विनंती आहे. त्यांच्याजवळ सुमारे १६० सीडी आहेत. त्यांत बहुतेक ख्यालगायन, थोडे नाट्यसंगीत आणि थोडे अभंग. आजवर ते या सीडी डीव्हीडी प्लेअरवर ऐकत आले, परंतु तो आता मध्येच अडकतो आणि काही सीडी तर ओळखतच नाही. अ‍ॅम्प्लिफायर जुना असला तरी सुस्थितीत आहे, स्पीकर चार वर्षांपूर्वीच नवे घेतले आहेत आणि प्लेअरसाठी ४५ हजार रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. त्यांचे प्रश्न असे : नवा डीव्हीडी प्लेअर घेऊन भागेल का, संभाजीनगरचे एक दुकानदार ‘३२ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ची चिप असलेलाच प्लेअर घ्या म्हणतात, त्यात तथ्य किती, पुण्यातले एक परिचित जपानहून आलेला जुना, वजनदार प्लेअर १८ हजारांत देऊ करतात, तो घ्यावा का, आणि मुलगा म्हणतो तसे हे सगळे सोडून मोबाइलवरच ऐकावे का. शेवटी त्यांनी एका खास सीडीविषयी विचारले आहे, त्याकडे मी शेवटी येतो.

आदरणीय गुरुजी,

सप्रेम नमस्कार. आपण इतक्या तपशिलाने लिहिले आहे की उत्तरही तितक्याच मोकळेपणाने द्यावेसे वाटते. आधी निर्णय सांगतो, कारणे मागाहून. आपण नवा, एकच सीडी घेणारा, साधा सीडी प्लेअर घ्यावा. चिपच्या आकड्यांसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये, पुण्याचा प्लेअर घेऊ नये आणि ४५ हजारांतले चार-पाच हजार चांगल्या स्टॅबिलायझरसाठी राखून ठेवावेत. प्लेअर निवडताना पहिला प्रश्न ‘तो कसा वाजतो’ हा न ठेवता ‘तो सीडी कशी वाचतो, आणि उद्या वाचेनासा झाला तर तो कोण दुरुस्त करील’ हा ठेवावा.

सीडी प्लेअरच्या पेटीत दोन वेगवेगळी कामे चालतात. सीडीवरचे आकडे वाचणे हे पहिले, आणि त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणे हे दुसरे. जाहिराती आणि दुकानदार दुसऱ्या कामाविषयी भरभरून बोलतात. आपली तक्रार मात्र पूर्णपणे पहिल्या कामाची आहे. सीडीवर एकच अखंड रेघ असते, ती आतल्या कडेपासून सुरू होऊन बाहेरच्या कडेपर्यंत सर्पिल जाते आणि तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम दीडपट असते. चकती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटाकडे जाता जाता २०० फेऱ्यांपर्यंत मंदावते. या फिरत्या, किंचित डुगडुगणाऱ्या चकतीखाली ज्वारीच्या दाण्याएवढी एक लेन्स दोन नाजूक चुंबकीय वेटोळ्यांच्या आधाराने वर-खाली आणि डावी-उजवीकडे क्षणोक्षणी सरकत राहते आणि ती रेघ सोडत नाही. आपण भैरवी ऐकत असता तेव्हा त्या पेटीत हे चाललेले असते. अशा यंत्रात धुळीचा एक थर, सुकलेले वंगण किंवा मंदावलेला लेझर पुरेसा होतो.

वाचताना चुका होणारच, हे सीडी तयार करणाऱ्यांनी मूळातच धरून चालले होते. म्हणून आवाजाचे आकडे एका ओळीत न लिहिता विस्कटून, जादा तपासणी-आकड्यांसह लिहिले जातात, आणि त्यामुळे रेघेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर भाग वाचता आला नाही तरी प्लेअर तो हिशेबाने तंतोतंत भरून काढतो. त्याहून मोठी फट पडली की तो आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो, आणि तेही जमेनासे झाले की आवाज क्षणभर बंद करतो किंवा जागेवर अडखळतो. आपल्या घरी ‘अडकणे’ म्हणून जे ऐकू येते ते हेच. यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते : सीडीवर मधून कडेकडे गेलेला ओरखडा सहसा निभावतो, पण गोलाईच्या दिशेने उठलेला ओरखडा रेघेच्या बाजूनेच जात असल्यामुळे घात करतो. म्हणून सीडी पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ ओढावे, गोल फिरवू नये. आणि छापील बाजू अधिक जपावी, कारण खालच्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लास्टिक संरक्षण देते, तर वरच्या बाजूला चंदेरी थर छपाईच्या पातळ लेपाखालीच असतो. एखादी जुनी सीडी खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर त्या जागी तो थर गेलेला आहे आणि कोणताही महागडा प्लेअर तो परत आणू शकत नाही.

आता दुकानदारांच्या चिपविषयी, म्हणजे आकड्यांचा आवाज करण्याच्या त्या दुसऱ्या कामाविषयी. सीडी बाजारात आली १९८२ साली, आणि तेव्हापासून आजपर्यंत तिच्यात आवाजाची सेकंदाला ४४,१०० मोजमापे, म्हणजे नमुने, आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, हेच माप आहे. ३२ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ (सेकंदाला १,९२,००० नमुने) ही त्या चिपची क्षमता झाली. सीडीत जे नाही ते ती निर्माण करू शकत नाही. दहा लिटरच्या घागरीतले पाणी पन्नास लिटरच्या पिंपात ओतले म्हणून ते पन्नास लिटर होत नाही. सीडीचे माप माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या सर्वांत उंच ध्वनीपर्यंत पोहोचते, आणि साठीनंतर आपले कान त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबतात. आकड्यांचा आवाज करण्याचे काम आज मध्यम किमतीच्या सर्वच नामांकित प्लेअरमध्ये इतके नेटके होते की त्यांच्यातला फरक असलाच तर फार बारीक असतो. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले किंवा आपली बसण्याची जागा बदलली, तर त्याहून मोठा फरक आपल्याला ऐकू येईल. हे मी चिपला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. आपले पैसे चुकीच्या ठिकाणी जाऊ नयेत, एवढीच माझी कळकळ आहे.

दुकानात दोन प्लेअर एकामागोमाग ऐकवले जातात तेव्हा एक दक्षता अवश्य घ्यावी. सीडी प्लेअर साधारणपणे दोन व्होल्टपर्यंतचा सिग्नल देतो, पण एखादा त्याहून थोडा अधिक देतो, आणि माणसाच्या कानाला किंचित मोठा आवाज नेहमीच ‘अधिक स्वच्छ’, ‘अधिक भरदार’ वाटतो. तेव्हा दोन्हींची पातळी व्हॉल्यूमच्या बटणाने सारखी करून द्यायला सांगावे. ती करून देण्याची दुकानदाराची तयारी नसेल, तर तिथे केलेल्या तुलनेवर विसंबून पैसे देऊ नयेत.

नवा डीव्हीडी प्लेअर घेऊन भागेल का? चार हजारांत काम होईल, सीडी वाजेलही. पण आपल्या संग्रहाला तो न्याय देणार नाही, आणि याचे कारण आवाजापेक्षा वेगळे आहे. ख्यालाच्या अनेक सीडींमध्ये विलंबित आणि द्रुत हे दोन वेगळे ट्रॅक असतात, पण गायन अखंड चाललेले असते; तानपुरा थांबलेला नसतो. सीडी प्लेअर एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर जाताना काहीही खंड पाडत नाही. पुष्कळसे डीव्हीडी प्लेअर मात्र तिथे क्षणभर थबकतात, तानपुरा तुटतो आणि समेकडे निघालेले मन ठेचकाळते. पूर्वी ग्रामोफोनच्या तीन मिनिटांच्या तबकडीत राग कोंबावा लागत होता, पुढे लाँग प्लेमध्ये एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे मिळाली, आणि सीडीने ७४ मिनिटे सलग दिली तेव्हा कुठे सावकाश बढत करणाऱ्या गायकाला अंगणभर जागा मिळाली. ती सलगता जपणे हे सीडी ऐकण्याचे अर्धे सुख आहे, असे मी मानतो. शिवाय डीव्हीडी प्लेअरवर हवा तो ट्रॅक शोधायला बहुधा टीव्ही लावावा लागतो, हा त्रास आपण स्वतःच लिहिला आहे. जुन्या डीव्हीडी प्लेअरला बाहेरून वेगळा डॅक (आकड्यांचा आवाज करणारे यंत्र) जोडावा, असेही कोणी सुचवील. पण आपल्या प्लेअरचे वाचनच बिघडले आहे, त्यामुळे पुढे काहीही जोडले तरी अडखळणे तसेच राहील.

पुण्याच्या प्लेअरविषयी मी अधिक स्पष्ट लिहितो, कारण हा धडा मी स्वतः पैसे देऊन घेतला आहे. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० व्होल्टची. पंधराएक वर्षांपूर्वी मीही असाच एक देखणा, दहा किलोंचा जपानी प्लेअर विकत घेतला होता. विकणाऱ्याने सोबत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर दिला आणि ‘काही होत नाही’ असे सांगितले. वर्षभर काही झालेही नाही. मग एका दिवाळीच्या साफसफाईत कपाट हलवले गेले, वायरी सुटल्या, आणि पुन्हा जोडताना प्लेअरची पिन थेट भिंतीतल्या बोर्डात गेली. आधी एक जड घुमणारा आवाज, मग तापलेल्या वार्निशचा वास, आणि संपले. मागच्या पत्र्यावर ‘१००’ हा आकडा ठसठशीत छापलेला होता. घरातल्या कुणाला तो वाचायचे कारणच नव्हते. दुरुस्ती करणाऱ्याने ट्रान्सफॉर्मर नवा गुंडाळून दिला असता, परंतु उघडल्यावर लेन्सचा जोडही (लेन्स आणि लेझर मिळून होणारा सुटा भाग) थकलेला निघाला आणि तो जोड बाजारातून केव्हाच गेलेला होता.

जुन्या प्लेअरची मुख्य अडचण हीच आहे. ऐंशीच्या दशकातल्या फिलिप्सच्या ‘टीडीए १५४१’ चिपची आजही मोठी वाखाणणी होते आणि ती असलेले प्लेअर लोक शोधत फिरतात; त्या आवाजातला गोडवा मलाही मान्य आहे. पण त्यांतली लेन्स हलवणारी झुलत्या दांडीची यंत्रणा आता बनत नाही. लेझरला आयुष्य असते. घरात हात चालवणारा जाणकार असेल आणि एक सुटा जोड आधीच जमवून ठेवला असेल, तर हा छंद जरूर करावा. आपल्याला रोज संध्याकाळी दोन तास ऐकायचे आहे, तेव्हा हा मार्ग आपला नाही.

मग कोणता घ्यावा? आपल्या रकमेत मी प्रथम डेनॉनचा ‘डीसीडी-६००एनई’ आणि यामाहाचा ‘सीडी-एस३०३’ हे दोन पाहायला सांगेन. दोन्ही साधे, एक सीडी घेणारे, गरजेपुरती बटणे असलेले आहेत. यामाहाला पुढच्या बाजूने पेनड्राइव्ह लावता येतो, डेनॉनला ती सोय नाही; आपल्याला ती लागणार असेल, आणि शेवटच्या परिच्छेदातले काम आपण केलेत तर ती लागेल, तर यामाहा घ्यावा. एनएडीचा ‘सी ५३८’ मिळाला तर तोही याच पंक्तीतला आहे. मरांट्झचा ‘सीडी६००७’ आणि रोटेलचा ‘सीडी११ ट्रिब्यूट’ हे यांच्या वरच्या पायरीवरचे. मरांट्झमध्ये हेडफोनसाठी वेगळे व्हॉल्यूमचे बटण आहे, आणि रात्री घरची मंडळी झोपल्यावर आपण हेडफोनवर ऐकत असाल तर त्यासाठी थोडे अधिक मोजणे मला गैर वाटत नाही. अन्यथा नाही. डॅक नसलेले, केवळ सीडी वाचून आकडे पुढे पाठवणारे ‘ट्रान्सपोर्ट’ही याच किमतीत येतात, परंतु आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला डिजिटल सिग्नल घेण्याची सोय नसल्यामुळे ते आपल्या उपयोगाचे नाहीत.

या नावांपैकी अंतिम निवड दुरुस्तीच्या सोयीवरून करावी. दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात आणि शक्यतो बिलावर किंवा ईमेलने लिहून घ्याव्यात : वॉरंटी भारतातील अधिकृत वितरकाची आहे का, बिघाड झाल्यास प्लेअर कोणत्या गावच्या सेवा केंद्रात जाईल आणि ने-आण कोणाच्या खर्चाने, आणि लेन्सचा जोड बदलून मिळतो का. स्वस्तात मिळणारा पण परदेशातून परस्पर आणलेला माल इथेच उघडा पडतो. आपण उदगीरला असल्यामुळे पुणे-मुंबईकडेच पाहण्याचे कारण नाही. बिदरवरून जाणाऱ्या रेल्वेने हैदराबाद आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे, तिथे ऐकवून देणारी दुकाने आहेत, आणि बिघडलेला प्लेअर गाडीत मांडीवर घेऊन स्वतः पोहोचवणेही शक्य आहे.

जाताना दोन सीडी सोबत न्याव्यात. एक, सत्तर मिनिटांच्या वर चालणारी, आणि तिचा शेवटचा ट्रॅक लावायला सांगावा. चकतीच्या बाहेरच्या कडेशी वाचन सर्वांत अवघड असते आणि मंद यंत्रणा तिथे पकडली जाते. दुसरी, घरच्या प्लेअरवर अडकणारी. ट्रे बंद झाल्यापासून ट्रॅकची संख्या दिसेपर्यंत किती वेळ जातो ते पाहावे. मग तानपुऱ्याचा सुरुवातीचा भाग लावून, आवाज अगदी बारीक करून, कान पेटीजवळ न्यावा. फिरण्याची घरघर किंवा खरखर ऐकू आली तर ती घरातल्या शांततेत रोज ऐकू येईल. व्हॉल्यूम मोठा करून झाला की लोकांचे समाधान होते, पण मला नेहमी वाटते की ख्याल ऐकणाऱ्याची परीक्षा बारीक आवाजातच होते : तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जुळल्यावर घोडीवरच्या जवारीतून जो वरचा गंधार आपोआप झिरपतो, तो बारीक आवाजातही वेगळा ओळखू येतो की नाही, तेवढे पाहावे.

घरी आणल्यावरची काळजी आपल्या भागात निवडीइतकीच महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर जातो, फाल्गुन-चैत्रापासून फुफाटा खिडकीतून आत येतो, आणि शेतीपंप सुरू-बंद होताना घरातले दिवे कमी-जास्त होतात, हे आपल्याला मी सांगायला नको. प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर कधीही ठेवू नये. तो खालून तापत राहतो. वेगळा कप्पा द्यावा, वर चार बोटे मोकळी ठेवावीत. ट्रे उघडा टाकून उठू नये. वापर झाल्यावर, प्लेअर निवल्यावर, सुती कापड झाकावे, प्लास्टिकचे नको. लेन्स साफ करण्याच्या म्हणून ब्रश लावलेल्या सीडी मिळतात, त्या नव्या प्लेअरमध्ये घालण्याची गरज नसते, आणि जुन्यात त्यांचा घासा नाजूक लेन्सला मानवेलच असे नाही. विजेसाठी स्टॅबिलायझर घ्यावा आणि बोर्डाचे अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा. साध्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरमधूनही येते. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की बटण बंद करून न थांबता पिनच काढून ठेवावी.

जोडणी सोपी आहे. प्लेअरच्या लाल-पांढऱ्या पिना अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ या जागी जाव्यात. ‘फोनो’मध्ये चुकूनही नाही, कारण ती जागा तबकडीच्या सुईच्या क्षीण सिग्नलसाठी असते, तिथे तो सुमारे शंभरपट वाढवला जातो आणि आवाज फाटून येतो. महागड्या केबलच्या फंदात पडू नये. घट्ट बसणारी, साधी, मीटरभर लांबीची केबल पुरते.

चिरंजीवांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि त्यांच्याशी वाद घालू नये. मोबाइलवर जे मिळते ते अफाट आहे. पण आपल्या १६० सीडींपैकी सगळेच तिथे असेल असे नाही, आज असलेले उद्या काढलेही जाते, आणि नेटचा आधार लागतो तो वेगळाच. दोन्ही असू द्यावे.

आता ती शेवटची सीडी. वडिलांच्या सप्ताहातल्या भजनाची कॅसेट आपण २००६ साली लातूरला सीडीवर उतरवून घेतली, मूळ कॅसेट पुढे हरवली, आणि आता ही सीडी कधी वाजते, कधी नाही, असे आपण लिहिले आहे. ही कारखान्यात छापलेली सीडी नाही. तिच्यातले आकडे एका रंगद्रव्याच्या थरात लेझरने उमटवलेले आहेत आणि ते द्रव्य उष्णतेने व उजेडाने फिकट होत जाते. प्लेअरची खरेदी राहू द्या; हे काम याच आठवड्यात करावे. सीडी ड्राइव्ह असलेल्या संगणकावर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे मोफत सॉफ्टवेअर घालून घ्यावे. ते खराब जागा पुन्हा पुन्हा वाचून पाहते आणि कुठे वाचता आले नाही ते सांगते. फाइल ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवावी, तिच्यात आवाजाचा अंशही गळत नाही आणि जागा सुमारे निम्मी लागते. तीन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, त्यांतली एक गावाबाहेरच्या नातेवाइकाकडे. एका ड्राइव्हने ही सीडी नाकारली तर धीर सोडू नये, दुसऱ्या, तिसऱ्या संगणकात लावून पाहावी. एकाने नाकारलेली सीडी दुसऱ्याने सुरळीत वाचल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. आणि तिच्यावर जे कागदी लेबल चिकटवलेले आहे म्हणता, ते कड सुटलेली दिसली तरी ओढून काढू नका. कागदाबरोबर चंदेरी थर उचकटून येतो. सुटलेली कड फक्त बोटाने हलकेच दाबून बसवावी, आणि मगच सीडी ड्राइव्हमध्ये घालावी.